सोडा म्हटलं तरी सोडायचं नाही

बाईंची बालवाडी पहिल्या मजल्यावर, खाली शिंप्याचं दुकान आणि समोर, रस्त्यापलीकडे, मैदान. म्हणजे मुलांना मैदान रोज दिसायचं आणि मिळायचं कधीच नाही. खिडकीला गज, मग रस्ता, मग कुंपण, आणि कुंपणाच्या आत हिरवंगार, सकाळभर कुणाच्याही कामाला न येणारं गवत. एक माळी आणि एक गळका पाइप, एवढीच तिथली वर्दळ. मालकी क्लबची. क्लबचे सभासद संध्याकाळी यायचे. त्यातले निम्मे खेळायचे आणि निम्मे बाकावर बसून गुडघ्यांविषयी बोलायचे.

बाई तशा पक्क्या हिशोबी. हिशोब माणसांचा. कुठलं मूल किती दिवस रडणार, कुणाची आई न्यायला किती उशिरा येणार, कुठल्या बापाला ‘नाही’ म्हणायला किती गोड वाक्यं लागणार, हे त्यांनी मनात आधीच मांडून ठेवलेलं असायचं आणि बहुतेक वेळा ताळा जुळायचा. एका रकान्यात मात्र दरवर्षी खोट यायची. मुलं इवलीशी यायची, मोठी होऊन मोठ्या शाळेत जायची, आणि मधल्या काळात बाईंच्या हाताखाली त्यांनी फरशी पाहिलेली असायची, जिना पाहिलेला असायचा. जमीन पाहिलेली नसायची.

एका वर्षी त्यांनी घमेलंभर माती वर आणवली. मावशी, म्हणजे बालवाडीची मदतनीस, बाईंपेक्षा वयाने मोठी आणि आवाजाने त्याहून मोठी. ती म्हणाली, “बाई, लोक माती खाली टाकतात, तुम्ही वर चढवताय.” मुलांनी मातीत पाणी ओतलं, मग आणखी ओतलं, मग घमेलंच ओतलं. खाली शिंप्याने नेमका एका नवरदेवाचा कोट टेबलावर पसरला होता. तो कोट दोन्ही हातांवर आडवा घेऊन, आजारी माणसाला आणावं तसा, शिंपी वर आला.

“बाई, तुमची पोरं रोज माझ्या डोक्यावर मिरी वाटतात, ते मी सोसतो. पण आता शेतीच करायला लागली म्हणजे कमाल झाली!”

घमेलं ओतणारी होती भिंगरी. पटावर तिचं नाव वेगळं होतं, पण एका जागी तीन क्षण न टिकणाऱ्या पोरीला मावशीने पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आई औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे दिवसभर उभी, घरी एक खोली, त्यामुळे भिंगरीला फिरायला जागा म्हणजे बालवाडीच. माती प्रकरणाच्या दुसऱ्या दिवशी ती गजांत नाक घालून उभी होती.

“बाई, ते गवत कुणाचं?”

“क्लबचं.”

“क्लब खातो ते?”

मावशी पोट धरधरून हसली. बाईही हसल्या, पण संध्याकाळी कुलूप लावताना तो प्रश्न त्यांच्याबरोबर जिना उतरला. त्यांनी मनाशी ठरवलं, ही मुलं मोठ्या शाळेत जाण्याआधी त्या गवतावर पळणार. कुणी न धरता, वाटेल तिकडे, दम लागेपर्यंत. बाकी गाणी-बडबडगीतं कमी आली तरी चालतील.

क्लबच्या सेक्रेटरींना भेटायला बाई इतक्या वेळा गेल्या की तिथला शिपाई त्यांना सभासद समजून चहा आणायला लागला. “माझी काही हरकत नाही हो बाई,” सेक्रेटरी दर वेळी म्हणायचे. ज्याची हरकत नसते त्याच्यामागे हरकत घेऊन कुणीतरी बसलेलं असतं, हे बाईंना ठाऊक होतं. इथे तर ते खरोखरच मागच्या खुर्चीत बसलेलं असायचं. त्यांना सगळे कर्नल म्हणत. लढाईशी त्यांचा संबंध मिशीपुरता; उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासण्यात गेला होता.

“एवढी एवढीशी पोरं,” कर्नल म्हणाले. “कोपऱ्यावर वखार. लाकडाचे ट्रक कसे वळतात, बघता ना रोज? एखादं कार्टं हात सोडून पळालं तर? नाव कुणाचं येणार, क्लबचं!”

हे खोटं नव्हतं. वळणावरचे ट्रक बाईंच्याही स्वप्नात यायचे.

शेवटी ठरलं असं: एक सकाळ मुलांना आणायचं. कमिटी बघेल आणि तिथल्या तिथे काय ते सांगेल.

बाई कामाला लागल्या. त्यांनी एक लांब जाड दोरी आणली, आणि शिंप्याने तिला थोड्या थोड्या अंतरावर कापडी मुठी शिवून दिल्या, प्रत्येक मुलाची वेगळ्या रंगाची. कोट तो विसरला नव्हता, भिंगरीची मूठ त्याने त्याच कोटाच्या उरलेल्या कापडाची केली आणि म्हणाला, “घे, तुझ्या शेतातलंच पीक आहे.”

मग वरच्या लांब व्हरांड्यात सराव सुरू झाला. पुढे बाई, मागे मावशी, मध्ये मुलं. पहिला धडा एकच, मूठ सोडायची नाही. चार दिवसांत मुलं छान चालायला लागली. दुसरं कुणी असतं तर तिथेच थांबलं असतं. पण बाईंच्या हिशोबात ‘बहुतेक’ हा शब्द बसत नसे. त्यांनी परीक्षा काढली.

मावशी दाराआड लपायची आणि एकदम ओरडायची, “सोडा! चेंडू आला!” जो सोडेल तो रांगेच्या शेवटी. जो सोडणार नाही त्याच्या मनगटावर पेनाने चांदणी, आणि सगळ्यांच्या टाळ्या. मावशीला या कामात भलताच रंग चढला. “सोडा, मांजर आलं! सोडा, तुमचा बाबा आला! सोडा, माझी चप्पल पळवली!” मुलं खिदळायची आणि मुठी आणखी आवळायची. “सोडणार का?” बाई विचारायच्या. “नाही सोडणार!” व्हरांडा दणाणायचा.

एकटी भिंगरी सोडायची. चेंडूला सोडायची, मांजराला सोडायची, आणि मावशीच्या चपलेला तर हमखास, कारण तिला खरंच वाटायचं की चप्पल गेली आणि कुणीतरी आणायला हवी. रोज रांगेच्या शेवटी तीच. तिच्या मनगटावर एकही चांदणी नव्हती.

“ही पोरगी आपल्याला बुडवणार,” मावशी म्हणाली.

बाईंच्या मनात आणखी एक भीती होती. रस्त्यात कुणी गोड बोललं तर? आपल्यासारखंच कुणी, ‘बाळांनो’ म्हणून? तेव्हा शेवटची, सगळ्यांत अवघड परीक्षा त्यांनी स्वतः घेतली. वळून, गुडघ्यांवर बसून, मऊ आवाजात त्या म्हणायच्या, “पोचलो बरं का आपण. सोडा आता.” मुलं गोंधळायची. कुणी सोडलं की बाई मान हलवायच्या. “मी म्हटलं तरी नाही. बाई म्हणाल्या तरी सोडायचं नाही. मग कधी सोडायचं? वर्गात येऊन मावशी हातातून मूठ काढून दोरी खिळ्याला लावेल तेव्हा.”

या युक्तीवर बाई मनातून खूश होत्या. अशी परीक्षा कुठल्याच बालवाडीत घेत नसतील, असं त्यांनी नवऱ्याला जेवताना सांगितलंही. नवरा म्हणाला, “खरंच घेत नसतील,” आणि पोळी मागितली.

भिंगरीला त्यांनी वेगळं घेतलं. सकाळी सगळ्यांच्या आधी, व्हरांड्यात दोघीच. “सोडा आता.” सोडलं. “पुन्हा.” सोडलं. “तू सोडलंस तर कुणालाच मैदान मिळणार नाही, कळलं? तुझ्यामुळे.” ते वाक्य जरा जड पडलं, हे बाईंना तेव्हाच जाणवलं होतं. पण लागू पडलं. दुसऱ्या दिवशी भिंगरीने मूठ धरली ती धरलीच. मावशीने आपलं सगळं भांडार उपसलं, चपलेसकट. पोरगी हलली नाही. बाईंनी तिच्या मनगटावर चांदणी काढली, एकीऐवजी दोन. भिंगरीने त्या घरी जाईपर्यंत धुऊ दिल्या नाहीत.

ठरलेल्या सकाळी मुलं जिना उतरली ती शहाण्या सुरवंटासारखी. मावशी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. वखारीचा ट्रक वळला, थांबला, हॉर्न वाजला. मावशीने ड्रायव्हरकडे असं पाहिलं की त्याने इंजिनच बंद करून टाकलं. एकही मूठ सुटली नाही.

मैदानाच्या फाटकाची बिजागरी निखळली होती, ते आपोआप उघडं पडायचं. म्हणून मावशी तिथेच, फाटक पाठीने रेटून उभी राहिली. बाई मुलांना घेऊन गवताच्या मधोमध आल्या. बाकावर सेक्रेटरी, कर्नल आणि आणखी दोघे. ऊन कोवळं होतं. बाईंचा ऊर भरून आला, त्या वळल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, “पोचलो बरं का आपण. सोडा आता.”

सगळ्या मुठी एकदम आवळल्या गेल्या.

बाईंना वाटलं, ऐकू गेलं नाही. “अरे, सोडा. जा, पळा!”

“नाही सोडणार!” रांगेच्या मागून एक आवाज आला, आणि मग सगळ्यांचाच, खणखणीत. चेहरे उजळलेले, हनुवट्या वर. टाळ्यांची वाट बघत होती मुलं. एवढी मोठी परीक्षा आजवर बाईंनी घेतली नव्हती, आणि एकही फसलं नव्हतं.

बाई हसल्या, पण हसू पुरतं उमटलं नाही. त्या पहिल्या मुलाजवळ गेल्या, त्याची बोटं एकेक करून सोडवली. तो कानाशी लागून म्हणाला, “बाई, मी नाही हं फसणार,” आणि पुन्हा मूठ पकडली. मावशीला बोलवावं तर फाटक उघडं पडणार, आणि पलीकडे ट्रक. त्यात मावशी मुठी गोळा करून लावणार कुठे? खिळा होता वर्गात.

तेवढ्यात त्यांची नजर भिंगरीवर गेली. तिच्या पायांपासून हातभर अंतरावर माळ्याचा पाइप गळत होता. बारीक कारंजं उडत होतं, गवतात डबकं साचलं होतं, आणि डबक्याच्या कडेला चिखल, तोच, घमेल्यातला. भिंगरी त्याकडे बघत होती. तिचा एक पाय उचलला गेला. चपलेचं टोक पाण्याला लागणार, तेवढ्यात तिने वर पाहिलं, बाईंकडे. आणि पाय परत घेतला. दोन्ही हातांनी मूठ धरली. बोटं पांढरी झाली होती.

हे बाईंखेरीज कुणीच पाहिलं नाही.

“वा!” बाकावरून कर्नल उठले. “याला म्हणतात शिस्त! आमच्या संध्याकाळच्या घोड्यांना आणून दाखवायला पाहिजे हे.”

“मानलं बाई तुम्हाला,” सेक्रेटरी म्हणाले. “सोडा म्हणताय तरी सोडत नाहीत! गवताला धक्का नाही, गोंधळ नाही. आमच्याकडून परवानगी. रोज सकाळी या. अगदी अस्संच, दोरी धरून, मैदानाच्या कडेकडेने. काय कर्नल?”

“या पद्धतीने असेल तर माझी ना नाही.”

बाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं: साहेब, हे बिघडलंय, माझ्या हातून बिघडलंय, मला थोडा वेळ द्या. पण किती खेटे घातले होते. परवानगी आता समोर वाढून ठेवलेली होती. आणि खरं सांगायचं तर चारचौघांत अशी शाबासकी त्यांना फार वर्षांत मिळाली नव्हती. कौतुक परत करायला फार मोठा हात लागतो. बाई म्हणाल्या, “थँक्यू, साहेब.”

मुलांनी बाई हसलेल्या पाहिल्या आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. एका हाताने, मांडीवर.

दुसऱ्या आठवड्यात फाटकाची बिजागरी दुरुस्त झाली आणि त्यावर पाटी लागली: बालवाडीच्या मुलांना दोरी धरूनच प्रवेश. रोज सकाळी मुलं कडेकडेने फेऱ्या मारू लागली, गाणी म्हणत. त्यांना मजाच यायची, हे त्यातलं आणखी वाईट. बाईंनी व्हरांड्यात धडा उलटा फिरवून पाहिला. ‘सोडा’ म्हटलं की सोडायचं, सोडेल त्याला चांदणी. मुलं त्यांच्याकडे दयेने बघायची, बाई विसरल्या असं वाटून.

एकदा त्यांनी धीर केला. मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यात, बाकांच्या आड, मावशीने मुठी एकेक करून काढल्या. थोडा वेळ मुलं तिथेच उभी राहिली, रिकामे हात बघत. मग एक पळाला, मग दुसरा, मग जवळजवळ सगळीच, ओरडत, एकमेकांवर आदळत. दोरी गवतात पडली होती. फक्त एका टोकाला ती जमिनीपासून वर उचललेली होती. तिथे भिंगरी उभी होती. मावशीने काढलेली मूठ तिने पुन्हा उचलून धरली होती.

“जा ग माझे बाई,” मावशी म्हणाली. “बघ, सगळी गेली.”

“मग मैदान जाईल,” भिंगरी म्हणाली.

बाई तिच्याकडे निघाल्याच होत्या. त्याच वेळी माळी बोंबलला. दोन पोरं नव्याने सारवलेल्या खेळपट्टीवर नाचत होती. दुपारी क्लबचं पत्र आलं. पुन्हा असं झालं तर परवानगी रद्द.

त्या रात्री बाईंनी हिशोब केला. ही मुलं आता काही महिन्यांची पाहुणी. हट्ट धरला तर मैदानच जाईल, पुढच्यांनाही मिळणार नाही. यांना फिरू दे दोरीने. मैदान तर राहील. पुढच्या वर्षी बघू. हिशोबात चूक नव्हती. या मुलांच्या खात्यातून काढलं आणि अजून न आलेल्या मुलांच्या खात्यात टाकलं, इतकंच. भिंगरीजवळ बसून ‘तुझ्यामुळे काही जाणार नाही, ते मी उगाच म्हटलं होतं’ एवढं सांगायचं मात्र राहून गेलं. रोज काही ना काही निघायचं. मुलं मोठ्या शाळेत गेली.

पुढच्या वर्षी कर्नलांचा नातू बालवाडीत आला. पहिल्याच आठवड्यात आजोबा फिरायला म्हणून मैदानावर आले, नातवाला दोरीत पाहिलं आणि खवळले. “हे काय, कैद्यांसारखं? मुलांनी पळायचं कधी?” बाईंनी नुसतं पाटीकडे बोट केलं. संध्याकाळपर्यंत पाटी गेली. मावशी म्हणाली, “बाई, आधीच एखादा नातू उचलून आणायला हवा होता आपण.”

आता दोरी रस्त्यापुरती. फाटकाच्या आत आलं की मावशी मुठी काढते आणि पोरं सुटतात ती माळ्याच्या शिव्या खात सगळीकडे. चिखलाने भरून परत येतात. शिंपी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून प्रत्येकाचे पाय बघतो आणि मगच वर जाऊ देतो. हिशोब जमेत आला. कुणीही वही उघडून बघितली तर बाईंचंच बरोबर ठरलं असतं.

एका सकाळी, मुलं मैदानावर असताना, भिंगरीची आई आली. मोठ्या शाळेला सुट्टी होती, भिंगरी बरोबर होती. उंच झाली होती, वेणी घट्ट, बुटांच्या नाड्या सरळ.

“तुमचे आभार मानायचे राहिले होते, बाई. तिथल्या बाई इतकं कौतुक करतात हिचं! मधल्या सुट्टीत बाकीची धिंगाणा घालतात, ही भिंतीला टेकून उभी. कुणी हाताला धरून नेलं तरच जाते. आमच्या घरात असं गुणी कुणी नव्हतं हो. तुम्हीच वळण लावलंत.”

“ताई,” बाई म्हणाल्या, “मी चुकले हिच्या बाबतीत.”

“तुमचं आपलं काहीतरीच!” आई हसली. मोठी माणसं कौतुक असंच झटकतात, हे तिला माहीत होतं.

बाई भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसल्या. गुडघे आता पटकन वाकत नव्हते. “मी तुला एकदा म्हटलं होतं, तुझ्यामुळे मैदान जाईल म्हणून. आठवतं?”

भिंगरीने मान हलवली. आठवत होतं.

“ते खोटं होतं. तुझ्यामुळे काहीच जाणार नव्हतं.”

मोठ्यांना बरं वाटावं म्हणून बोलतात तशी भिंगरी म्हणाली, “असू दे, बाई.”

“जा, पळून ये. सगळं मैदान मोकळं आहे.”

भिंगरीने मैदानाकडे पाहिलं. लहान मुलं त्यात सांडल्यासारखी पसरली होती.

“कुठपर्यंत पळू?”

“वाटेल तिथपर्यंत.”

ती थांबून राहिली. उत्तर अर्धवट वाटलं असावं. बाईंनी वाट पाहिली, बरीच पाहिली. आईने ओशाळून मुलीच्या पाठीवर हात ठेवला, “अगं बाई सांगताहेत ना, जा की.” शेवटी बाईंनीच हात उचलला आणि म्हणाल्या, “त्या गोलच्या खांबापर्यंत.”

भिंगरी निघाली. चांगली पळत होती, सरळ रेषेत, मध्ये येणाऱ्या पोरांना वळसा घालून पुन्हा रेषेवर येत. खांबाला हात लावला. वळली. तशीच परत आली आणि बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना, दम लागलेला.

“बरोबर पळाले ना, बाई?”

आई कौतुकाने बघत होती.

“बरोबर,” बाई म्हणाल्या.